पोतेरं आणि काठी

घरातल्या वस्तूंचं बोलणं माणसांना ऐकू यायचं, त्या काळची ही गोष्ट. घोंगड्या विणणाऱ्या सगुणाबाईकडे चांद्या नावाचा कुत्रा होता. सात वर्षांत त्याने घरात कधी घाण केली नव्हती. आणि एके दिवशी हा गडी मागाजवळच्या कोपऱ्यात तंगडी वर करून मोकळा! दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही दिवशी तेच.

सगुणाबाईचं डोकं फिरलं. दारामागची काठी म्हणाली, "बाई, मला उचला. दोन रट्ट्यांत सुतासारखा सरळ येईल."

बाईने काठी उगारली. चांद्या थरथरत भिंतीला चिकटला, पण कोपरा काही सोडीना.

तेवढ्यात ओलंचिंब पोतेरं म्हणालं, "थांबा बाई! तीन दिवस तो कोपरा मीच पुसतंय. तिथल्या लोकरीच्या गोणीला परक्या कुत्र्यांचा वास आहे."

गोणी चारच दिवसांपूर्वी धनगरवाड्यावरून आली होती. तिथे तिच्यावर मेंढ्या राखणारे कुत्रे झोपत.

"म्हणजे हा आपलं घर राखतोय होय!" सगुणाबाईने काठी खाली ठेवली. लोकर धुऊन उन्हात घातली, कोपरा रिठ्याच्या पाण्याने चारदा घासला. दुपारी चांद्याने तो हुंगला आणि उंबऱ्याशी पसरून घोरू लागला.

काठी फणकारली, "शेवटी चिंधीचं ऐकलंत!"

एरवी कुंपणावर फेकायचं ते पोतेरं सगुणाबाईने स्वच्छ धुतलं, पिळलं आणि दोरीवर, नव्या घोंगडीच्या शेजारी वाळत घातलं.