रिकाम्या जागी फेकलेला चेंडू

"मग मुलं माझ्या हवाली करायला अडचण कसली, बाबा?"

प्रश्न दिगंबराचा होता. टेकडीवरच्या मठात अनाथ मुलं वाढत होती, आणि शंभूबाबा आता थकले होते. आपल्यामागे मुलांना सांभाळणारा त्यांना निवडायचा होता. दिगंबर त्यांचा सर्वांत हुशार शिष्य. हे मठात सगळ्यांना माहीत होतं, त्याला स्वतःला जरा जास्तच.

"तू त्यांना काय शिकवलंस?" बाबांनी विचारलं.

"बघाच."

मुलं अंगणात समोरासमोर दोन रांगांत उभी राहिली. चिंध्यांचे चेंडू इकडून तिकडे जाऊ लागले. प्रत्येक चेंडू नेमका छातीपाशी येई आणि ओंजळीत बसे. एकही खाली पडेना. बघत राहावं असंच होतं ते.

"छान," बाबा म्हणाले. "आता एका रांगेला पळू दे."

मुलं पळू लागली... आणि सगळा विचका झाला. फेकणारे जोडीदाराच्या छातीवर नेम धरत. चेंडू पोचेपर्यंत जोडीदार पुढे गेलेला असे. काही जण तर चेंडू सुटलेला पाहताच जागच्या जागी थांबत. चेंडू येत असताना हलायचं नाही, हे दिगंबराने त्यांच्या अंगी चांगलंच मुरवलं होतं.

सगळ्यांच्या आधी थांबे ती गोजरी.

"तिला पळताच येत नाही," दिगंबर म्हणाला. "बिचारीचा झेल चुकू नये म्हणून मी तिला कायम एका जागी उभी ठेवतो."

बाबा उठले. त्यांनी एक चेंडू मागून घेतला.

"गोजरी, पळ."

गोजरी मागे बघत, रेंगाळत निघाली. बाबांनी चेंडू फेकला... तिच्या कितीतरी पुढे, आवळीच्या झाडाकडे.

"बाबा, तिथं कोणीच नाही," दिगंबर म्हणाला.



चेंडू डोक्यावरून पुढे जाताना गोजरीने पाहिला. थांबायचं कुठे, तेच तिला कळेना. मग ती धावली. तिला असं धावताना कोणी कधी पाहिलंच नव्हतं. परकर आवरायचंही तिला भान नव्हतं... आणि आवळीखाली तिने तो चेंडू वरच्यावर झेलला.

गोजरी चेंडू हातात धरून आपल्याच पायांकडे बघत होती.

इतकी वर्षं हे पाय दिगंबराच्या डोळ्यांसमोर होते, आणि त्यानेच ते एका जागी उभे करून ठेवले होते. त्याला लाज वाटली. पण लाजेहून मोठं काहीतरी मनात दाटून आलं आणि नकळत त्याचे हात जोडले गेले. ते बाबांना की गोजरीला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"ती पोचेल हे तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नव्हतं."

...

दिगंबर म्हणाला, "बाबा, मुलं माझ्या हवाली करू नका. मी अजून त्या योग्यतेचा नाही."

"नाहीसच," बाबा म्हणाले.

त्यांनी गोजरीकडून चेंडू घेतला आणि अंगणापलीकडच्या रिकाम्या माळावर, होती नव्हती ती ताकद लावून भिरकावला.

"मुलं आजपासून तुझी. पळ."