झालर आणि नळी

फार जुनी गोष्ट. ओढ्याकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची तीस घरटी लटकत होती. त्याच झाडावर गांधीलमाश्यांचं पोळं होतं, म्हणून साप तिकडे फिरकत नसे. पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त गेल्या. सापाला आत शिरता येऊ नये म्हणून घरट्याला लांब नळी विणायची रीत मागे पडली आणि त्या गवताच्या झालरी होऊ लागल्या.

एके दिवशी राणीमाशी म्हणाली, "पलीकडच्या आंब्यावर मुंगळ्यांनी ठाण मांडलंय. त्यांना हुसकवायला आम्ही तिकडे निघालो. इथलं तुमचं तुम्ही बघा."

सुगरणींची सभा भरली. नळी वीतभर हवी की हातभर, गवत कुणाचं जाणार, यावर तीन दिवस खल झाला. चौथ्या दिवशी सापाने एका घरट्यातली अंडी खाल्ली. सभेने दुःख व्यक्त केलं आणि चर्चा पुढे चालू ठेवली.

केसर नावाची सुगरण मात्र उठून घरी आली. नवऱ्याला म्हणाली, "नळी विणा. तोवर मी अंडी घालणार नाही."

"अगं, गाठ कशी मारायची तेच विसरलोय. आणि गवत कुठून आणू?"

"झालर उसवा."

पहिल्या दोन नळ्या गळून पडल्या, तिसरी टिकली. साप आला तो नळीवरून घसरून थेट ओढ्यात पडला. ते पाहून शेजारच्यांनीही झालरी उसवायला घेतल्या.

पुढच्या साली गांधीलमाश्या परतल्या. राणीमाशी म्हणाली, "आम्ही आलोय. आता नळ्यांची काय गरज?"

"या, बसा," केसर म्हणाली. "तुमची फांदी तशीच ठेवलीय. नळ्याही तशाच राहतील."