नीलकेतूची झूल

"म्हणजे चौथा भाग तुम्ही बघितलात, मास्तर, आणि तुम्हाला राग आला नाही?"

धनंजय इंगवले हे विचारत होता तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर चपला काढत होतो. शाळेच्या गॅदरिंगसाठी मला मावळ्यांचे दहा अंगरखे हवे होते. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, पण गॅदरिंग आलं की शाळेला माझी आठवण होते.

इलाहीमास्तरांनी मला हातानेच बसा म्हटलं. ते सुईत दोरा ओवत होते.

एके काळी कोल्हापुरात नाटक-सिनेमाची ड्रेपरी म्हणजे इलाहीमास्तर. राजा असो, राक्षस असो की हवालदार, सगळे आधी या दुकानात उघडेबंब उभे राहायचे आणि मग स्टुडिओत जाऊन रुबाब करायचे. आता मास्तरांनी ऐंशी ओलांडली आहे. दुकानात मावळे आणि पऱ्या एकाच दोरीवर लटकलेल्या असतात.

धनंजय सोळाव्या वर्षी इथे शिकायला होता, वर्षभर. आता तो पुण्यात असतो आणि मोबाइलवर त्याचा 'रविवार सकाळ' नावाचा चॅनेल आहे. जुन्या मालिकांवर बोलतो. ऐकणारे दोन लाख आहेत म्हणे. वर्गात तो माझ्याकडे होता, तेव्हा त्याचं बोलणं दोन मुलंही ऐकत नसत. पण ते असो.

मी यायच्या आधीच त्याने मोबाइल एका छोट्या स्टँडवर लावून मास्तरांसमोर ठेवला होता. लाल ठिपका लुकलुकत होता.

"राग कशापायी?" मास्तरांनी अखेर विचारलं.

"कशापायी? मास्तर, नीलकेतू आहे तो."

...

नीलकेतू कोण हे आमच्या पिढीला सांगावं लागत नाही. चौतीस वर्षांपूर्वी रविवारी सकाळी दहाला तो टीव्हीवर यायचा. इथल्याच स्टुडिओत चित्रीकरण व्हायचं. त्या अर्ध्या तासात गल्लीत कुत्रं दिसायचं नाही. मग साडेदहाला सगळी पोरं गळ्यात टॉवेल बांधून एकदम बाहेर पडायची. त्यांच्या आया दारातून ओरडायच्या, आंघोळीला टॉवेल राहिला नाही म्हणून.

त्याच्या पाठीवर मखमलीची लांब झूल होती. डावा अर्धा फिका निळा, उजवा अर्धा गडद निळा. आकाशातल्या ऋषीने ती त्याला दिली होती: एका खांद्यावर दिवस, दुसऱ्यावर रात्र. सोमवारी मी वर्गात कुठलाही विषय दिला, बैलपोळा म्हणा, माझी आई म्हणा, तरी चित्रात कोपऱ्यातून नीलकेतू उडत जायचाच. खडूच्या पेट्यांतला गडद निळा सगळ्यात आधी संपायचा.

आता त्याच नीलकेतूची नवी मालिका आली आहे. तो नीलकेतू होण्याआधीची गोष्ट. तीन भाग लोकांनी कौतुकाने पाहिले आणि चौथ्याला भडका उडाला.

चौथ्या भागात ऋषी नाही. एक शिंपी आहे आणि त्याच्याकडे शिकणारं एक पोर. ते पोर मखमल कापताना चूक करतं आणि झुलीचे दोन अर्धे दोन रंगांचे दिसायला लागतात. शिंपी झूल टाकून देणार, इतक्यात एक तरुण दारात येतो. "द्या इकडे," म्हणतो. "थंडी वाजतेय." आणि पांघरून निघून जातो. तोच पुढे नीलकेतू.

"लोक काय लिहितायत वाचून दाखवतो," धनंजय म्हणाला. त्याने खिशातून दुसरा मोबाइल काढला. "'आमच्या बालपणावर कात्री चालवली.' 'ऋषीचा शिंपी केला, उद्या नीलकेतूला भाजी निवडायला बसवतील.' हे ऐका, 'आता म्हणतील तो उडत नव्हता, दोरीला लटकायचा.'"

"दोरीलाच लटकायचा की," मास्तर म्हणाले. "कमरेचा पट्टा मीच शिवलेला."

मला हसू आलं. धनंजयला नाही.

"सगळे असंच लिहितायत?" मास्तरांनी विचारलं.

"सगळे. एक बाई सोडून. साताऱ्याच्या. त्यांचा मुलगा शाळेत बोलताना अडखळतो म्हणे. चौथा भाग बघून म्हणाला, चुकलेलं कापडपण चालतं तर. बाईंना फार आवडलं ते."

"मग?"

"मग काय... मी उत्तर दिलं. म्हटलं, ताई, मुलाला डॉक्टरकडे न्या, देवाला खाली ओढू नका. चार हजार लोकांना आवडलं उत्तर."

मास्तरांनी दोरा दाताने तोडला.

"चाळीस हजार सह्या झाल्यात, मास्तर. चौथा भाग काढून टाका म्हणून. सोमवारी मालिकेच्या कंपनीकडे देणार आहे. तुमचं एक वाक्य पाहिजे फक्त. ती झूल तुम्ही शिवलीत. तुम्ही म्हणायचं, ही झूल चुकीतून झाली नाही. बस. तुमच्या शब्दापुढे ते काही बोलू शकणार नाहीत."

"आनि तुझं काय त्यात?"

धनंजय ताठ बसला.

"मास्तर, माझं सगळं त्यातच आहे. लोक मला कशामुळे ओळखतात? 'नीलकेतूची झूल कापणारा माणूस' म्हणून. उजवा अर्धा माझ्या हातचा. रात्रीची बाजू. पहिल्या व्हिडिओत मी तेच सांगितलं आणि एका आठवड्यात पन्नास हजार माणसं जोडली गेली. त्या पवित्र झुलीला कोणी पोराची चूक म्हणणार आणि मी गप्प बसू?"

मला त्याची थोडी कीव आली. पन्नाशीचा माणूस, कानशिलावर केस पांढरे झालेले, आणि बोलताना हात अजून टॉवेल बांधल्यासारखा गळ्याशी जात होता.

"चौथा भाग लिहिणारी ती लेखिका कोण, कुठली... तिला हे सुचलं तरी कुठून?"

"मी सांगितलं," मास्तर म्हणाले.

...

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. दोरीवरचे मावळे हलले.

"तुम्ही?"

"आली हुती पोरगी. तीन दिवस बसली हितं. च्या प्यायली, प्रश्न विचारले. झूल कशी झाली म्हनली. म्या सांगितलं."

"काय सांगितलंत?"

मास्तर उठले नाहीत. मशिनच्या खालच्या डब्यात हात घालून त्यांनी चिंध्या चाळल्या आणि निळ्या मखमलीचा वीतभर तुकडा काढला. तो धनंजयच्या मांडीवर ठेवला.

"हात फिरव. वरनं खाली."

धनंजयने फिरवला.

"मऊ आहे."

"आता खालनं वर."

फिरवला. बोटं अडखळत गेली.

"लव उभी राहते," तो म्हणाला.

"हां. मखमलीला लव असती. म्हनून तिचे सगळे भाग एकाच दिशेनं कापायचे. तुला शिकवलं हुतं का न्हाई आठवत न्हाई. बहुतेक न्हाईच. तू तवर काज-बटनंच करत हुतास."

मास्तरांनी तुकडा परत घेतला. मोठ्या कात्रीने मधोमध कापला. एक अर्धा तसाच ठेवला, दुसरा खाली डोकं वर पाय केला आणि दोन्ही शेजारी शेजारी दारातल्या उजेडात धरले.

एकाच कापडाचे दोन अर्धे. एक फिका निळा. एक गडद.

तीस वर्षं मी रंग शिकवले, पण मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या सगळ्या पेट्यांतला गडद निळा कशापायी संपला, ते तेव्हा कळलं.

धनंजयला माझ्याआधी कळलं असावं. तो त्या दोन अर्ध्यांकडे बघतच राहिला.

"मी..." तो म्हणाला. "तुम्ही त्या दिवशी स्टुडिओत गेला होतात मापं घ्यायला. मला म्हणालात, खुणा केल्यात, काप. डावा तुम्हीच कापून गेला होतात. उजव्याला कापड पुरेना. म्हणून मी उलटा ठेवला. उलटा ठेवला की वरचा अरुंद भाग खालच्या रुंद भागाशेजारी बसत होता. अर्धा मीटर वाचलं..."

"वाचलं की."

"तुम्ही आल्यावर मला शाबासकी दिलीत. कापड वाचवलंस म्हणून."

"दिली. दुकानातल्या मिणमिणत्या बल्बात मलाबी काय दिसलं न्हाई. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मोठे लाइट लावले, तवा दिसलं."

"डायरेक्टर ओरडले होते," धनंजय हळूच म्हणाला. "मी इस्त्री घेऊन मागे उभा होतो. ते म्हणाले, हे दोन रंग कुठून आले. आणि तुम्ही म्हणालात..."

...

"तुम्ही म्हणालात, मुद्दाम केलंय. एका खांद्यावर दिवस, एकावर रात्र. मी समजलो, एक बाजू तुम्हीच रंगवलीत."

"डायरेक्टरला आवडलं ते. संध्याकाळपत्तुर त्यानं ऋषी लिहून काढला. नटाला दाढी बी मलाच चिकटवाय लावली."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. चौतीस वर्षं अख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांनी ज्या ऋषीला हात जोडले, तो सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत माझ्यासमोर बसला होता आणि त्याला ते भोक दिसत नव्हतं. मी सुई घेऊन ओवून दिली.

"त्या पोरीला तुम्ही माझं नाव सांगितलंत?"

"तिनं विचारलं. कोन पोरगा हुता म्हनली. म्या म्हनलं, इसरलो."

"विसरला होतात?"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"चौथा भाग म्या तीनदा बघितला, धनू. शेजारच्या सुनेनं लावून दिला. ते प्वार चुकतंय, रडतंय, आनि तो दारातला म्हनतोय, थंडी वाजतेय... बरं वाटलं मला. आपल्या दुकानातली गोष्ट कुनीतरी नीट सांगितली."

धनंजय स्टँडवरच्या मोबाइलकडे बघत होता. लाल ठिपका अजून लुकलुकत होता. सुरुवातीपासून सगळं त्यात गेलं होतं.

त्याने मोबाइल काढून हातात घेतला. आता हा पुसून टाकणार, असं मला वाटलं. मी त्याच्या जागी असतो तर पुसलं असतं. एक बोट लावलं की झालं. या दुकानाबाहेर कुणाला काही कळलं नसतं. चाळीस हजार सह्या सोमवारी पोचल्या असत्या, आणि दोन लाख लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं.

अंगठा पडद्यावर टेकायला आला होता. तिथेच थांबला.

"सर," तो मला म्हणाला, "मी त्या साताऱ्याच्या बाईंना फार वाईट बोललो."

"हो," मी म्हटलं. उगाच धीर देण्यात अर्थ नव्हता.

त्याने मोबाइल परत स्टँडवर लावला. या वेळी तोंड स्वतःकडे केलं. केस नीट करायला हात वर गेला, पण त्याने तो तसाच खाली आणला.

"नमस्कार. मी धनंजय इंगवले," तो म्हणाला. नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. वर्गात फळ्याजवळ उभं केल्यावर यायचा तसा होता. "चौथ्या भागातलं ते पोर खरं आहे. ते पोर मी. मखमलीची दिशा मला कळत नव्हती. उजवा अर्धा मी उलटा कापला. ऋषी वगैरे कुणी नव्हता. मास्तर होते. सह्या मी परत घेतोय. आणि साताऱ्याच्या ताई... तुमच्या मुलाला सांगा, त्याचं बरोबर आहे. माझं चुकलं."

तो थांबला. त्याने ठिपका बंद केला.

मास्तर एका मावळ्याच्या बाहीला टाके घालत होते. सुईचं भोक दिसत नसलं तरी त्यांचा टाका अजून सरळ पडतो.

धनंजय खाली, त्यांच्या पायाशी चटईवर येऊन बसला. शिकायला असताना तो तिथेच बसत असावा. कारण मास्तरांनी न बघताच पाय जरा मागे घेतला आणि त्याला जागा केली.

"आता उद्यापासून मला कोण ऐकणार, माहीत नाही," तो म्हणाला.

मास्तर टाके घालत राहिले.

"एक विचारू, मास्तर?"

"इचार."

"चूक माझी होती. भर स्टुडिओत सगळ्यांसमोर ती तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत. ते समजलं. पण दुकानात परत आल्यावर तरी मला सांगायचं होतं. आपण दोघंच होतो. का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू पळाला असतास."

"मी तसाही पळालोच की, मास्तर. दिवाळीला घरी गेलो तो परत आलोच नाही. तुम्हाला साधं कळवलंसुद्धा नाही."

मास्तरांनी दोऱ्याला गाठ मारली. बाही उलटीसुलटी करून पाहिली, आणि अंगरखा माझ्या हातात दिला.

"गेलास खरा," ते म्हणाले. "पर ताठ मानेनं गेलास."