बटण दाबलं की काळोख

"हा अंधार माझ्या कॅमेऱ्यातून आजच्या आज बाहेर काढा!" उदाजीराजे गरजले.

नवा डिजिटल कॅमेरा आल्यापासून राजेसाहेब बागेतल्या मोरांच्या मागे वेडे झाले होते. पण बटण दाबलं रे दाबलं, की डोळा लावायच्या काचेत क्षणभर मिट्ट काळोख! "मोर माझा, फोटो माझा, आणि नेमका तोच क्षण मला दिसू नये?"

कॅमेरे दुरुस्त करणारा रायाजी हात जोडून म्हणाला, "महाराज, आत एक आरसा आहे. समोरचं दृश्य तो वर आपल्या डोळ्याकडे पाठवतो. बटण दाबलं की फोटोसाठी उजेडाला वाट हवी, म्हणून आरसा उचलला जातो. तेवढ्यापुरता अंधार!"

"मग बिनआरशाचा कॅमेरा घ्यावा," प्रधानजी म्हणाले.

"त्यात मोर नाही, मोराचं चित्र दिसतं! इवल्याशा पडद्यावर! चित्रच बघायचं तर मी पलंगावर लोळत बघेन! नाही! आरसा राहील, कॅमेऱ्याला कोणी हात लावणार नाही, आणि मला तो क्षण दिसेल! संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर रायाजी, तुझं दुकान बंद!"

रायाजीनं कपाळाला हात लावला. बावीस वर्षांचं दुकान!

तेवढ्यात राजेसाहेबांनी पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. खटॅक!

"अंधार!" राजे ओरडले.

"अंधार! आम्हालाही अंधार!" सगळे दरबारी एका सुरात ओरडले.

"मला तर लख्ख दिसलं," मोरांना दाणे टाकणारी धुरपा म्हणाली. "मोरानं प्रधानजींच्या पगडीवर चोच मारली की!"

प्रधानजींनी पगडी चाचपली. तुरा गायब!

"धुरपे!" राजे लालबुंद झाले. "मला दिसत नाही ते तुला दिसतं? मग मलाही दाखव! नाहीतर रायाजीचं दुकान बंद आणि तू वेशीबाहेर!"

"दाखवते, सरकार. एका मोहरेची वस्तू नको, की अवजार नको. फक्त मी सांगते तसं करा."

"सांग!"

"कॅमेरा उजव्या डोळ्याला लावा."

"लावला!"

"आता डावा डोळा उघडा!"

"अगं, तो मिटायचा असतो!"

"असं कॅमेऱ्यानं सांगितलंय का, सरकार?"

राजांनी हळूच डावा डोळा उघडला. खटॅक! उजव्या डोळ्यापुढे काळोख, आणि डाव्या डोळ्यासमोर मोर तुरा चोचीत धरून ऐटीत पळतोय, मागे बिनतुऱ्याची पगडी सावरत प्रधानजी!

"दिसलं! दिसलं!" राजेसाहेब हसत सुटले. हसता हसता गवतावरच बसले, डोळ्यांत पाणी आलं. "आणि मी आरशापायी रायाजीचं दुकान बंद करायला निघालो होतो!"

"आरसा आपलं काम करतोय, सरकार," धुरपा म्हणाली. "एक डोळा उगाच सुट्टीवर होता!"

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं, आणि रायाजीला दरबाराचा कायमचा कॅमेरेवाला नेमलं.