दोन पूल आणि साठ सायाळी

एका राज्याच्या मधोमध एक खोल दरी होती आणि दरीवर वेलींचे दोन पूल होते. दोन्ही कुणाच्या मालकीचे नव्हते. ज्याला वाटेल त्याने गाठ बांधावी, ज्याला जायचं त्याने खुशाल जावं. रीत एकच होती: बांधणाऱ्याने गाठीत आपली खूण खोवायची, आणि दुसऱ्या कुणी ती ओढून पारखली, तर त्यानेही शेजारी आपली खोवायची.

दरीच्या अलीकडची कंदमुळं संपली, तेव्हा साठ सायाळींच्या टोळीने टोचीला पूल निवडायला पाठवलं. "नीट बघ गं पोरी," थोरले आजोबा म्हणाले. "आपल्याला ना उडता येत, ना लोंबकळता. पूल चुकला तर सगळे दरीत."

वरचा पूल पाहून टोचीचे डोळेच दिपले. काय तो डौल! जागोजागी फुलं लगडलेली, आणि काठावर पोपटांचा थवा ओरडत होता, "आज सतराशे जण वाहवा करून गेले!" टोचीने आनंदाने तिथल्या तिथे उडी मारली. झालं काम! पण स्वभावाने चिकित्सक, म्हणून तिने एकेक गाठ हुंगली. प्रत्येक गाठीत एकाच वानराचा सोनेरी केस. शेजारी कुणाचीच खूण नाही. मधोमध एक वेल झिजलेली होती.

"ही बदलायला हवी," ती पोपटांना म्हणाली.

"वानरराव बघतील की."

"कुठे आहेत?"

"गेल्या फाल्गुनात आंब्यांच्या बनात गेलेत. येतीलच आता."

पुलाच्या पायथ्याशी लोकांनी आणून दिलेल्या वेलींचा ढीग वाळून कडक झाला होता. त्याला कुणी हात लावला नव्हता.

खालच्या पुलाजवळ येताच टोचीच्या कानांवर भांडण आलं. बगळा आणि घोरपड एका गाठीवरून हमरीतुमरीवर आले होते. पूल दिसायलाही गबाळा, ठिगळं लावलेला. जिथे अशी कचकच चालते तिथे पिल्लं कशी न्यायची? टोची तडक माघारी वळली.

"अगं पण ती घसरतेय, बघ तरी!" बगळा मागे ओरडत होता.

"दाखव. हं... घसरते खरी. काढ मग. पुन्हा बांधते."

टोची थबकली. घोरपडीने गाठ सोडली, पुन्हा बांधली. बगळ्याने चोचीत धरून अंग मागे टाकून ओढली. सुटली नाही. खवल्याशेजारी पीस खोवलं गेलं आणि दोघं हसत पुढच्या गाठीला लागले.

आता टोची पुलावर अक्षरशः धावत सुटली. लोकर, मिशी, पीस, कात, शिंगाचा कपचा! प्रत्येक गाठीत दोन खुणा, आणि त्याही निरनिराळ्या. या पुलाची पहिली वेल टाकणारं कासव पलीकडे गवत खात बसलं होतं.

"तुमची गाठ कुठली, काका?"

"माझी? कधीच बदलली. बरं झालं, कच्ची होती."

टोचीला इतका आनंद झाला की तिचे काटे खुळखुळले. "तिकडे एक गाठ सैल आहे!" ती घोरपडीला म्हणाली.

"मग बघतेस काय? बांध!"

टोचीची पहिली गाठ बगळ्याने एका हिसक्यात सोडवली, आणि कशी सुटली तेही दाखवलं. तिसरी टिकली.

दुसऱ्या दिवशी साठ सायाळी पुलावर चढल्या. सर्वांत पुढे आजोबा, कपाळाला आठ्या घालून. "हाच निवडलास? हा ठिगळांचा?" असं पुटपुटत ते मध्यावर पोचले आणि पायाखालची एक वेल काडकन तुटली. रांग गोठली. पिल्लं आयांच्या पोटाखाली शिरली.

"अहो, कुणी आहे का इकडे?" आजोबा ओरडले.

"आहोत की!" घोरपडीने नवी वेल त्यांच्या अंगावर टाकली. "टोक धरा, आजोबा. पहिला वेढा तुमचा."

"मी? मला कुठे येतं?"

"मलाही काल येत नव्हतं," मागून टोची म्हणाली.

आजोबांची पहिली गाठ सुटली. ते बगळ्यावर असे भडकले की अख्खी दरी घुमली. बगळाही काही कमी नव्हता. दुसरी सुटली. तिसरी मात्र त्याने लोंबकळून, पंख मिटून, सगळा भार टाकून ओढली, आणि ती तसूभरही हलली नाही. बगळ्याने आपलं पीस उपटून पुढे धरलं आणि वाट पाहिली.

आजोबांनी पाठीवरचा सगळ्यांत लांब काटा ओढून काढला, गाठीत खोवला, आणि मागे वळून पिल्लांना म्हणाले, "या रे, इथे पाय ठेवा."