मेणाच्या माश्या

कड्याखालच्या त्या पोळ्यात कुणालाही काहीच कमी नव्हतं. शहाण्या माश्यांनी मेणाच्या माश्या घडवल्या होत्या. त्या पहाटे उडत, पायांना पराग माखून परतत, मध भरत, पिलांना भरवत, झोपलेल्यांना पंखांनी वारासुद्धा घालत. खऱ्या माश्यांनी फक्त खायचं, लोळायचं आणि कोण जास्त दमलंय यावर भांडायचं.

सगळ्यांत खूश होता गेनू. गेनू नर. नराला ना नांगी, ना मध आणायची अक्कल. पोळ्याची जुनी रीत अशी, की फुलं संपली की राखणदारणीने प्रत्येकाचा मागचा पाय चाचपायचा. परागाचा कण सापडला नाही, तर पंख धरून बाहेर. बाहेर थंडी, म्हणजे खेळ खलास. आजवर एकाही नराने थंडीनंतरची सकाळ पाहिली नव्हती. गेनू पाहणार होता. तसं तो येता-जाता सगळ्यांना सांगतही होता.

राखणदारीण होती दुर्पामावशी. दाराशेजारीच ती पसरलेली असे.

"मावशी, यंदा माझा पंख कोण ओढणार?"

"कोणाला हौस आलीय? कोठारं वाहतायत. खा आणि फूग."

"मग दारावर ती मेणाची कशाला?"

"माझी कंबर धरते आताशा. तिला सगळं शिकवलं आणि बसवलं."

"सगळं म्हणजे? पायाचंसुद्धा?"

"रीत आहे ती, गेनू. अर्धीमुर्धी शिकवतात होय?"

"तेवढं तिच्या डोक्यातून काढ ना, मावशी."

"काढते की उद्या," मावशीने कूस बदलली. "आणि एवढी सुबत्ता असताना ती कशाला कुणाला धरील?"

असे पुष्कळ उद्या गेले. मग रानातलं शेवटचं फूल गळलं आणि दारातली मेणाची राखणदारीण जागची हलली.

गेनू मावशीच्या पाठीमागे दडला. राखणदारणीने आधी मावशीचाच पाय उचलला. दाराजवळ तीच होती. पाय कसा लखलखीत, नुसता गुळगुळीत.

"अगं, मी दुर्पा. तुला मीच तर..."

मावशीने नांगी मारली. ती मेणात मुळापर्यंत रुतली आणि तिथंच राहिली. राखणदारणीने शांतपणे मावशीचा पंख धरला. मग गेनूचा. मग त्याच्यामागे झोपेतून उठून बसलेल्या साऱ्या पोळ्याचा, एकेकाचा.

बाहेर खडकाला चिकटून, कुडकुडत गेनू दाराकडे बघत राहिला. दूरच्या कुठल्याशा रानातून मेणाच्या माश्या परतत होत्या. राखणदारीण त्यांचे परागाने पिवळेधमक पाय चाचपून एकेकीला अदबीने आत सोडत होती. एकीने गेनूच्या उबदार खोलीत मध ओतला, अगदी काठोकाठ, आणि वरून नीट झाकण बसवलं.