ठकूबाईचं घोंगडं

"तुझा एक हात मेलाय, ठके! अर्ध्या अंगाची बाई देवाला घोंगडं देणार व्हय? आणि वर हसतीयेस?"

बापूराव कारभारी घोंगडी विणणाऱ्या ठकूबाई सणगरणीच्या दारात उभा राहून ओरडत होता. ही गोष्ट खडकेवाडीची. त्या वर्षी चांगोजी महाराज तिथल्या बिरोबाच्या देवळात उतरले होते. ठकूबाईच्या अंगावरून वारं गेलेलं, उजवा हात लुळा पडलेला. नवरा नाही, मूलबाळ नाही. पण यात्रेला देवाला नवं घोंगडं द्यायचा मान तिच्या घरचा. आणि रीत अशी, की ज्यानं ते मागावर चढवलं त्यानंच पुरं करायचं. दुसऱ्याचा हात लागला की देवाला चालत नाही. म्हणजे मदत करावी म्हटलं तरी कुणाला करता येईना.

"कारभारी, रडले तर डोळे पुसायला हात लागतो," ठकूबाई म्हणाली. "मला एकच आहे. तो पुसण्यात गेला तर विणू कशानं?"

असल्या उत्तरावर माणसानं गप बसावं की नाही? पण हा कसला बसतोय! "उद्या दुपारी पालखी उठते. तोवर घोंगडं आलं नाही, तर मान कायमचा गेला," असं बजावूनच निघाला.

सकाळ झाली तरी वीतभर विणायचं राहिलेलं. ज्या हातानं आडव्या धाग्याचा धोटा टाकायचा, त्याच हातानं वीण घट्ट करायला ठोका द्यायचा. वीण सैल पडायची, परत उसवायची. अंगात ताप. ठकूबाईनं लुळ्या हाताकडं बघितलं. "झोप बाबा तू, दमलास," त्याला म्हणाली, आणि महाराजांचं नाव घेत परत मागाला लागली.

तिकडं देवळात कारभाऱ्यानं महाराजांपुढं पाण्याचा तांब्या धरला. महाराजांनी तो घेतलाच नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर लाकडासारखा पडलेला.

"महाराज, हाताला काय झालं?"

"काही नाही रे," महाराज म्हणाले. "कामाला पाठवलाय."

तेवढ्यात ठकूबाईच्या घरातून आवाज आला. धप! धप! दोन हातांचा ठोका लांबूनही कळतो. कारभारी पळत गेला आणि दारातच थबकला. आत ठकूबाई एकटी. उजवा हात सपासप चाललाय, डोळ्यांना धारा लागल्यात, आणि पुसायला तिला सवड नाही!

पालखी उठायच्या आत घोंगडं देवावर चढलं. त्याच क्षणी तिचा हात परत लुळा पडला आणि महाराजांचा उठला.

महाराज म्हणाले, "ठकूबाई, ठेवून घे की तो हात."

"नको महाराज. तुमचा हात साऱ्या गावाच्या डोक्यावर लागतो. मला एकाची सवय झालीया." आणि हसली. कालच्यासारखीच.

कारभारी महाराजांच्या पायाशी वाकला. महाराजांनी त्याला धरून वळवलं. "इकडं नाही. तिकडं."

मग त्यानं फेटा काढून ठकूबाईच्या पायावर डोकं ठेवलं, ते उचलेचना. तिनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

"उठा आता, कारभारी. एकच हात हाय, तोबी तुमच्याकडंच अडकलाय."

बस, एवढीच गोष्ट. आता मला निघायला पाहिजे, फाट्यावर गाडी थांबलीय.